पौर्णिमेला दिवा लावणारा पास्कू

दिव्यांवरून आमच्या गावात जेवढ्या मारामाऱ्या झाल्या त्या सगळ्यांत मी सर्वांच्या पुढे होतो. एवढा पुढे, की मागे वळून बघितलं तर मारणारे आणि मार खाणारे दोघेही लांबवर मुंगीएवढे दिसायचे. पास्कू मात्र कायम मागे राहिला, आणि म्हणून आज मी बोलतोय आणि तो नाही. सहा आठवडे झाले त्याला जाऊन. मी न्हाव्याच्या पुढ्यात बसलेलो, अर्धी दाढी उतरलेली, आणि न्हावी सहज म्हणाला, “गणू, तुझा तो किरिस्ताव पहाटे गेला म्हणतात रे.” मी ताडकन उठलो. वस्तरा गालावर आहे हे माझ्या लक्षात नाही आलं. तसाच धावलो, गळ्याभोवती न्हाव्याचं फडकं, गालावरून रक्त. पास्कूच्या दारात पोचलो तर आतल्या बायांतल्या दोघी मला बघून किंचाळल्या, त्यांना वाटलं अजून एक मुडदा आला. त्याला न्हाऊ घालत होते. खांद्यावर काचांचे वण, डाव्या कानाची पाळी गेलेली, आणि उजव्या बरगड्यांत एक खड्डा, माझी मूठ मावेल एवढा... त्या खड्ड्याबद्दलच मला बोलायचंय, कारण त्यात थोडा माझा हात आहे. पण लगेच तिथं येत नाही. जड गोष्टीकडे मला सरळ जाताच येत नाही, आधी चार माकडउड्या माराव्या लागतात.

मला लिहिता येत नाही. मी बोलतोय आणि शाळेतले मास्तर उतरवून घेतायत. मधे मधे ते तोंड वाकडं करतात, त्यावरून मला कळतं की आता मी खरं बोललो. गावाचं नाव सांगत नाही, गावच्या कमिटीचे मेंबर लोक अजून धडधाकट आहेत. ठाण्याहून मचव्यात बसून कल्याणकडे निघालात की भरतीच्या पाण्यावर अर्ध्या वाटेत उजव्या हाताला आमचा धक्का लागतो. धक्क्याला चौदा पायऱ्या, खालच्या तीन बारमाही शेवाळलेल्या, आणि शेजारी चिखल असा की उभा माणूस गिळेल. पलीकडून शेवटची होडी दिवेलागणीला येते. पास्कूची बायको कत्रीन रोज मासळी घेऊन पलीकडच्या बाजारात जायची आणि त्याच होडीनं रिकामी पाटी घेऊन परत यायची. तिची थोरली बहीणही तशीच यायची. तेव्हा धक्क्यावर दिवा नव्हता. एका संध्याकाळी ती बाई पायरी चुकली, आणि सकाळी ओहोटी लागल्यावर फक्त तिचा हात वर दिसला, पाटी धरलेला. त्यानंतर कधीतरी कमिटीनं गावात दिवे आणले, काचेचे, घासलेटचे, लाकडी खांबांवर, आणि पास्कूनं कुणाकुणाचे पाय धरून त्यातला एक धक्क्यावर लावून घेतला. पाय धरणं हे त्याच्या स्वभावात नव्हतं, त्याचा स्वभाव मान धरण्याचा. त्या दिव्यासाठी त्यानं तेही केलं.

गावात दिवे एकवीस आणि माणसं आम्ही दोन. पास्कू मूळचा बाळकुमकडचा, दार अडवील असा गडी, हाताचे पंजे वल्ह्याच्या पात्यासारखे. मला कमिटीनं ठेवलं कारण माझा मामा मेंबरांच्या घोड्याला दाणा घालायचा. पहिल्याच दिवशी मी ऐटीत म्हणालो, “दिवा लावणं काय, माझ्या डाव्या हाताचा मळ.” शिडीवर चढलो आणि काच, चिमणी, घासलेट आणि मी असे चौघं एकदम खाली आलो. पास्कूनं मला उचललं, उभं केलं आणि अशी एक तोंडात दिली की दोन दिवस सगळे दिवे मला जोडीजोडीनं दिसत होते. मग म्हणाला, “चल, पुढला खांब.” त्याचं प्रेम असं. मारून झालं की विषय संपला, मनात काही नाही. माझ्या बापानंही मला मारलं, पण तो मारायचा आणि वर आठवण ठेवायचा.

भांडण कशावरून, ते सांगतो. दिव्यांचं घासलेट गावाच्या घरपट्टीतून यायचं. निम्मे मेंबर म्हणायचे, रस्ता सगळ्यांचा तर उजेडही सगळ्यांचा, त्यांचे पुढारी बापूसाहेब. उरलेले निम्मे म्हणायचे, ज्याला उजेड हवा त्यानं आपल्या दारात वात लावावी, सगळ्यांच्या पट्टीतून कुणाचे पाय उजळायचे? त्यांचे पुढारी तात्यासाहेब वकील. बोलायला लागले की समोरच्याला आपण चूक आहोत असं आपोआप वाटावं, असा माणूस. त्यांच्या डोळ्यांत खुपायचा तो धक्क्यावरचा दिवा, कारण धक्क्यावर उतरणारे सगळे कोळी, आगरी, मजूर. त्यांच्या झोपड्यांना घरपट्टी नव्हती.

एकदा भर दुपारी बैठकीत आम्हा दोघांना उभं केलं, कुठल्या दिव्याला किती घासलेट लागतं ते सांगायला. मला आकडे येत नाहीत, म्हणून मी दारामागे उभा. तात्यासाहेबांनी चष्मा पुसत विचारलं, “काय रे पास्कू, धक्क्यावरचा दिवा कुणासाठी लावतोस?”

“पडणाऱ्यासाठी, साहेब.”

“पडणारा पट्टी भरतो का?”

“वर आला की विचारतो.”

बापूसाहेबांच्या बाजूचे हसले. तिथं थांबलं असतं तर ठीक होतं. पण मागून कुणीतरी बोललं, “अर्धं घासलेट तर ह्याच्याच घरी जळतं.” पास्कूला चोर म्हटलेलं ऐकायची सवय नव्हती. त्यानं समोरचा बाक उचलला. बाकावर दोन मेंबर बसलेले होते हे त्यानं बघितलं नाही, किंवा बघून उचलला. मग दौती उडाल्या, पगड्या उडाल्या, एका मेंबरानं दुसऱ्या मेंबराच्या दंडाला कडकडून चावा घेतला, आणि ते दोघे एकाच बाजूचे होते. खजिनदाराचा पुढचा दात टेबलावर येऊन पडला. मी टेबलाखाली. तुम्हाला वाटेल सुखरूप. मला वरून सगळ्यांच्या लाथा बसल्या, दिवे ठेवा म्हणणाऱ्यांच्या आणि काढा म्हणणाऱ्यांच्याही. एवढी एकी त्या कमिटीत मी परत कधी बघितली नाही.

पास्कू आठ दिवस कच्च्या कैदेत जाऊन आला. त्याच्या मागे ठराव झाला, आणि तो दोन्ही बाजूंनी मिळून केलेला, म्हणजे कुणालाच नको असलेला. दिवे राहतील, पण चांदणं असेल तेव्हा लागणार नाहीत. शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमा उलटेपर्यंत सगळे दिवे बंद, चंद्राचा उजेड फुकट आहे तो वापरा. आणि घासलेटाच्या कोठीची चावी पास्कूकडून काढून माझ्याकडे दिली. तात्यासाहेब म्हणाले, “गावातल्या सगळ्यात भित्र्या माणसाकडे द्या, म्हणजे चोरी व्हायची नाही.” मी ती चावी करदोड्याला बांधली आणि महिनाभर छाती काढून चाललो. मला तो मान वाटलेला.

तिथी लक्षात ठेवायचं कामही माझं. दर महिन्याला जोशीबुवांना विचारायचो आणि कोठीच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायचो, उभी रेघ म्हणजे दिवा, आडवी म्हणजे सुट्टी. त्या काळात तालमीतले चार गडी तात्यासाहेबांच्या बाजूच्या लोकांचं मीठ खाऊन दिवे फोडत फिरायचे. आम्ही लावत पुढे जायचो, मागे खळ्ळ. पुन्हा लावायचो, पुन्हा खळ्ळ. एकदा पास्कू दबा धरून बसला आणि त्यानं चौघांना शिडीनं झोडपलं. शिडी मोडली. मग मोडक्या शिडीनं झोडपलं. त्यांतल्या एकानं फुटकी चिमणी त्याच्या कानात खुपसली, पाळी तिथंच लोंबली. पास्कूनं ती ओढून काढली आणि खाडीत फेकून दिली. मी तेव्हा सुक्या बोंबलांच्या ढिगात होतो. दुसऱ्या दिवशी पास्कू कानाला फडकं बांधून आला, माझा वास घेतला आणि म्हणाला, “गणू, तू मासळीवाल्याकडे कामाला लागलास काय?” बस, एवढंच.

आता ग्रहणाचं. दोन वर्षांपूर्वीची पौर्णिमा, चंद्राला खग्रास ग्रहण, आणि तेही असं की चंद्र उगवायचा तोच गिळलेला. महिनाभर आधीपासून गावात हीच चर्चा. माझ्या आईनं तुळशीपत्रं काढून ठेवलेली, पाण्याच्या हंड्यात, दह्यात, लोणच्यात. मी स्वतः पाच माणसांना सांगितलेलं की त्या संध्याकाळी चंद्र दिसणार नाही. आणि त्याच हातांनी मी कोठीच्या भिंतीवर आडवी रेघ ओढली. पौर्णिमा म्हणजे सुट्टी! चंद्र नाही म्हणजे काळोख, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. जोशीबुवांच्या नाही, बापूसाहेबांच्या नाही, तात्यासाहेबांच्याही नाही. सगळ्या गावाला ग्रहण माहीत होतं आणि सगळ्या गावाला ठराव माहीत होता, पण दोन्ही एकत्र कुणी ठेवले नाहीत. एक किरिस्ताव सोडून, आणि त्याला पंचांगाचं कुणी विचारत नव्हतं.

दिवेलागणीला अख्खं गाव धक्क्यावर लोटलं, ग्रहणाच्या आंघोळीला. पायऱ्यांवर माणसं, चिखलाच्या कडेला माणसं, आणि उजेड बघता बघता गेला. आधी सगळ्यांना मजा वाटली. मग शेजारचा दिसेना. कुणाचा पाय कुणाच्या बोटांवर, कुणी कुणाला कोपर मारलं, एक म्हातारी घसरली, तिला धरायला गेलेला तिच्यावर पडला. रडारड सुरू झाली. मी गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून जप करत होतो. खरं तर मला जप येत नाही, मी नुसते ओठ हलवत होतो. तेवढ्यात वरून पास्कूचा आवाज आला, “गणू! चावी!”

मी ओठ जोरात हलवले. ग्रहणात तेलाला शिवायचं नाही, एवढं मला माहीत होतं. आणि ठराव होता. आणि तालमीतले गडी बाजूलाच न्हात होते.

“गणू, होडी सुटलीये पलीकडनं! कत्रीन हाय तिच्यात!”

मी बुडी मारली. तेवढ्यापुरतं मला वाटलं की पाण्याखाली असलेल्या माणसाला कुणी काही मागत नाही. पास्कू कपड्यांनिशी आत आला, माझी शेंडी धरून मला वर काढलं, एक कानाखाली ठेवून दिली आणि करदोड्यासकट चावी तोडून घेतली. करदोड्यासकट म्हणजे त्याला लावलेल्या लंगोटीसकट. काळोख होता म्हणून गावाची अब्रू वाचली.

थोड्या वेळात धक्क्यावर दिवा लागला. एकच दिवा, पण सगळ्यांची तोंडं दिसली. पायरी दिसली, चिखल दिसला, चिखलाच्या बाजूला सरकलेली होडी दिसली, नावाडी ओरडला आणि त्यानं होडी वळवली. तीस माणसं होती तिच्यात. आणि त्याच वेळी एक ओरडला, “ग्रहणात दिवा! किरिस्तावानं ग्रहण बाटवलं!” शास्त्रात काय आहे मला माहीत नाही, ओरडणाऱ्यालाही माहीत नव्हतं. पण त्याला कानाचा आणि शिडीचा हिशेब माहीत होता. तालमीतले गडी पाण्यातून वर आले, धक्क्याला लागलेल्या होड्यांतली वल्ही उचलली आणि पास्कूवर धावले. त्यांच्या मागून बाकीचे धावले, ज्यांची दिव्याशी काही दुष्मनी नव्हती असेसुद्धा.

पास्कूला हात मोकळे असते तर त्यानं पाच-सहा आडवे केले असते. पण खांब सोडला की ते दिवा फोडणार, म्हणून त्यानं दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली आणि पाठ त्यांना दिली. वल्हं लाकडाचं, ओलं, जड. पहिल्या दोन फटक्यांचा आवाज धपकन आला. मग आवाज बदलला... मास्तर, हे लिहा, आवाज बदलला. तो ओरडला नाही. खांब हलायचा आणि त्याच्याबरोबर दिव्याचा उजेड सगळ्या पाण्यावर हलायचा. तेवढ्यात त्या गड्यांचा म्होरक्या थांबला, वल्हं माझ्याकडे रोखलं. मी पायरीवर दोन्ही हातांनी लाज झाकून उभा. त्यानं विचारलं, “कोठीची चावी तुझ्याकडे असते ना? ह्याला कुणी दिली?”

मी म्हणू शकलो असतो, मी दिली. म्हणू शकलो असतो, हिसकावली, होडीसाठी हिसकावली. मी म्हणालो, “चोरली त्यानं.”

एवढंच म्हणालो. मग ‘चोर, चोर’ असं सुरू झालं आणि जे नुसते बघत होते त्यांनीही हात धुऊन घेतले. चोराला मारायला कुणाला बोलवावं लागत नाही. होडी धक्क्याला लागली, होडीतले कोळी आपली वल्ही घेऊन वर उडाले, आणि मग जी जुंपली ती जुंपली. डोकी फुटली, एकाचा हात कोपरातून उलटा झाला, तालमीतला म्होरक्या त्याच चिखलात छातीपर्यंत गेला आणि त्याला दोर टाकून काढावा लागला. मला हे नंतर कळलं. मी तोवर पोहत पलीकडच्या तीरावर पोचलेलो. गावात कुणी एवढ्या वेगानं खाडी पार केली नसेल. परत यायला होडी नव्हती आणि अंगावर कपडे नव्हते, सकाळपर्यंत एका वालाच्या मांडवाखाली बसलो.

पुढं कमिटीनं पास्कूलाच दोषी धरलं, ठराव मोडून पौर्णिमेला घासलेट जाळलं म्हणून. त्याला काढून टाकायचा आणि धक्क्यावरचा दिवा उपटायचा विषय पुढल्या बैठकीत निघाला. तात्यासाहेब उभे राहिले आणि म्हणाले, “भावना बाजूला ठेवून विचार करू.” त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात चाळीसेक कोळी वल्ही मांडीवर घेऊन बसलेले. तात्यासाहेबांनी भावना बाजूला ठेवल्या, विचार केला आणि खाली बसले. ठराव एकमतानं झाला. धक्क्यावरचा दिवा पौर्णिमेसकट रोज लागेल, गावाच्या पट्टीतून लागेल. आज लोक सांगतात की लोकांना पटलं. मी दाराशी होतो, मला पटणं दिसलं नाही, वल्ही दिसली.

पास्कू दीड महिन्यानं कामावर आला, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. चढायचं काम माझ्याकडे आलं. तो खाली उभा राहून खोकायचा, थुंकी पायानं मातीत मिसळायचा, मला दिसू नये म्हणून. दोन वर्षं मी रोज ठरवायचो की आज सांगू. तोंड उघडायचो आणि काहीतरी विनोद निघायचा. तो हसायचा, मग हसता हसता बरगडी धरायचा... आणि मग मी विनोदही कमी केले.

परवा त्याच्या घरी गेलो. कत्रीन अंगणात बसून दिव्याच्या काचा पुसायची फडकी धूत होती. तो गेल्यापासूनही तिनं ते सोडलेलं नाही, रोजची काळी फडकी मी नेऊन टाकतो, रोज ती दोरीवर पांढरी वाळत असतात. कमिटी तिला त्याचं काही देत नाही. मी उंबऱ्यापाशी बसलो आणि सुरुवात केली. आधी लंगोटीची गोष्ट सांगितली, ती हसली नाही. वालाच्या मांडवाची सांगितली. मग काही उरलं नाही तेव्हा म्हणालो, “वैनी, त्या दिवशी चावी त्यानं चोरली असं मीच बोललो.”

“ठाव हाय मना. होडीत उभी व्हते मी. ऐकलं.”

“त्याला माहीत होतं?”

“त्याच्या डोक्यावरनं तर बोललास. बहिरा व्हता काय तो?”

मला रडू फुटलं. दोन वर्षं मला त्या घरात भाकरी मिळत होती, त्याच्या शेजारी बसून, आणि त्या दोघांना सगळं माहीत होतं. मी कपाळ बडवत म्हणालो, “मी मारला त्याला, वैनी. माझ्या एका शब्दानं मारला. मी, मी मारला माझ्या पास्कूला...”

तिनं फडकं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. मग माझ्याकडे वळली.

“गप रं. अकरा वल्ही लागली माझ्या दादल्याला मारायला, मी मोजलीत. तुझ्या एका सबदानं मरायला तो काय डास व्हता?”